लहान लाकडी वस्तूवर वाचता येईल अशी खूण कशी कोरावी

प्रश्न थोडक्यात असा: लाकडी चमचे, डब्या, ट्रे यांच्या तळाशी साधारण १ सेंटिमीटर उंचीत आपली आद्याक्षरं कोरायची आहेत. २ मिमीच्या व्ही-टूलनं, म्हणजे V आकाराच्या पात्याच्या कोरणीनं, कोरलं की वळणावर खाचेची एक बाजू फाटते, आणि पॉलिश केल्यावर अक्षरं भरून जाऊन वाचता येत नाहीत. लेझर नको, हातानंच कोरायचं आहे.

फाटणं आणि भरून जाणं, दोन्हींवर उपाय आहेत आणि ते पुढे येतातच. पण बहुतेक खुणा लाकडाला हत्यार लागण्याआधीच बिघडलेल्या असतात, कागदावर. लहान खुणेत सगळ्यात आधी मोजायचं ते दोन रेघांमध्ये शिल्लक राहणारं लाकूड. रेघ कितीही सुबक कोरली तरी मधलं लाकूड ढलपीसारखं उडालं की अक्षर संपलं.

हिशेब सोपा आहे. हातानं कोरलेली रेघ ०.८ मिमीपेक्षा बारीक धरू नका. त्याहून बारीक रेघ कोरता येते, पण तिची सावली पडत नाही आणि पहिल्याच पॉलिशच्या हातात ती बुजते. मेपल, बीच, शिवण यांसारख्या घट्ट आणि एकसारख्या लाकडात दोन रेघांमध्ये किमान १.२ मिमी लाकूड राहिलं पाहिजे. ओक, साग, ॲश यांची रंध्रं मोठी, आणि पाईनमध्ये मऊ व कडक पट्टे आलटूनपालटून येतात. तिथे हेच अंतर २ मिमी धरा. आता ‘प’ घ्या. दोन उभ्या रेघा आणि मध्ये २ मिमी, म्हणजे एकूण रुंदी ३.६ मिमी. ६ मिमी उंचीत हे अक्षर आरामात बसतं. ‘ष’मध्ये त्याच जागेतून एक तिरकी रेघ जाते. तीन रेघांचे २.४ आणि मधल्या दोन जागांचे प्रत्येकी १.२ धरले तर घट्ट लाकडातही ४.८ मिमी रुंदी लागते, आणि तिरकी रेघ जिथे उभ्या रेघेला टेकते तिथे ती जागा शून्यावर येते. तिथला कोपरा उडणारच. म्हणून ६ मिमी उंचीचा ‘ष’ कोरायला गेलात तर हाती येतो तो मधोमध खड्डा पडलेला ‘प’. ‘ब’ आणि ‘व’ यांचंही तेच.

देवनागरीत आणखी एक गोष्ट आहे, ती शिरोरेषा. जागा वाचवायला ती गाळायचा मोह होतो, आणि ‘न’, ‘त’, ‘ग’ या अक्षरांना ते चालतंही. पण शिरोरेषेशिवाय ‘र’ सरळ २ हा आकडा दिसतो. ‘घ’ आणि ‘ध’, तसंच ‘म’ आणि ‘भ’ या जोड्या तर बऱ्याच अंशी शिरोरेषा कुठे तुटते यावरच वेगळ्या ओळखू येतात. तुमच्या आद्याक्षरांत यांपैकी काही असेल तर शिरोरेषा ठेवा आणि अक्षर मोठं करा. वेलांटी आणि मात्रा शिरोरेषेच्या वर साधारण अर्ध्या अक्षराएवढी उंची मागतात: ६ मिमीच्या अक्षरावर मात्रा आली की खूण ९ मिमीची झाली. जोडाक्षराच्या वाटेला जाऊच नका. आडनावाचं पहिलं अक्षर जोडाक्षर असेल तर नावाचं एकच अक्षर घ्या आणि त्याभोवती एखादा त्रिकोण किंवा दोन ठिपके घालून ते आपलं करा. दोन गिचमिड अक्षरांपेक्षा एक स्वच्छ अक्षर केव्हाही चांगलं, असं माझं ठाम मत आहे.

आकृती पारखायला ०.८ मिमीचा फाइनलायनर, म्हणजे बारीक टोकाचा शाईचा पेन, घ्या आणि खूण प्रत्यक्ष मापात दहा वेळा हातानं काढा. पट्टी, कंपास काही नको. दहांपैकी ज्यांत एखादी जागा शाईनं भरली, ती आकृती लाकडातही भरणार. मग कागद हातभर लांब धरून बघा. तेवढ्या अंतरावरून वाचता येत नसेल तर रेघा कमी करा, हत्यार बदलून काही होणार नाही. ‘म’ची डावीकडची गाठ या मापात गोल कोरता येत नाही, तिथे तीन कापांची छोटी त्रिकोणी खाच घाला, डोळा ती गाठ म्हणूनच वाचतो. अनुस्वाराचा ठिपका टोच्यानं दाबू नका, दाबलेलं लाकूड ओल लागली की पुन्हा फुगतं. तोही तीन कापांचा त्रिकोण करा.

आता फाटण्याचं कारण. व्ही-टूलला दोन पाती असतात आणि ती एकाच दिशेनं चालतात. सरळ तंतूंच्या दिशेनं किंवा काटकोनात आडवं जाताना दोन्ही पात्यांना लाकूड साधारण सारखंच भेटतं. पण रेघ तिरकी झाली की एक पातं तंतूंच्या कलानं कापतं आणि दुसरं तंतूंच्या विरुद्ध. विरुद्ध बाजूचं पातं तंतू कापण्याआधी उचलतं, म्हणून नेहमी एकच भिंत फाटते आणि वळणावर बाजू बदलली की दुसरी. धार चांगली असली तरी हे पूर्ण थांबत नाही, कारण दोष रचनेतलाच आहे. मोठ्या अक्षरांत तेवढं फाटणं खपून जातं. ०.८ मिमीच्या रेघेत ०.३ मिमी फाटणं म्हणजे रेघेचा तिसरा हिस्सा गेला.

उपाय म्हणजे सुरी. कोरीवकामाची आखूड, पातळ पात्याची, टोकदार सुरी घेतली की खाचेची प्रत्येक भिंत स्वतंत्र कापता येते आणि प्रत्येकीला तिच्या सोयीची दिशा देता येते. व्ही-टूल ठेवायचंच असेल तर ते फक्त सरळ रेघांना वापरा.

पण सुरीची धार नुसती चांगली असून भागत नाही. बारीक दगडावर लावल्यानंतर धार चकचकीत करणारी हिरवी पेस्ट लावलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर, धार मागे राहील अशा बेतानं, दोन्ही बाजूंनी पंधरा-वीस हात ओढा. मऊ पाईनच्या आडछेदावर, म्हणजे फळीच्या कापलेल्या टोकावर, तिरका काप घ्या. काप चकचकीत आला तर धार तयार आहे. पांढुरके चरे दिसले तर अजून नाही. काम करतानाही दर दोन-तीन अक्षरांनंतर पट्ट्यावर चार हात ओढायचे. धार गेल्याचं बोटांना जाणवतं तोवर एखादा कोपरा उडालेला असतो.

कोरायची वेळ शेवटच्या घासणीनंतरची. आधी कोरून मग घासलं तर काय होतं ते आकड्यांत बघा. भिंतींमधला कोन ६० अंशांचा असेल तर ०.७ मिमी खोल खाच वर ०.८ मिमी रुंद असते. पृष्ठभाग फक्त ०.३ मिमी घासला गेला की उरलेली खोली ०.४ आणि रुंदी जेमतेम ०.४६. जवळजवळ अर्धी रेघ पॉलिश पेपरनं खाल्ली. शिवाय खाचेच्या कडा गोल होतात, आणि धारदार कड हीच सावलीची सीमा असल्यामुळे खूण धूसर दिसते. म्हणून वस्तू २२० किंवा २४० नंबरपर्यंत घासून पूर्ण करा, धूळ झटका, मग कोरा. चमचा किंवा वारंवार धुतली जाणारी वस्तू असेल तर त्याआधी ओल्या फडक्यानं पुसून, वाळवून, वर आलेले तंतू घासून काढा, आणि हे दोनदा करा. नाहीतर पहिल्याच धुण्यात तंतू उभे राहून खुणेच्या कडा केसाळ होतात.

घासून झालं की खुणेच्या जागेवर पातळ लाख लावा. १०० मिली स्पिरिटमध्ये साधारण १२ ग्रॅम चपडी (लाखेचे पापुद्रे), एवढं पातळ पुरे. एक हात, अर्धा तास वाळू द्या, मग आणखी एक. लाख वरच्या तंतूंना एकमेकांशी बांधते आणि कोपरे उडण्याचं प्रमाण स्पष्ट कमी होतं. पाईन आणि ओकमध्ये तर हे टाळूच नये. लाखेवर पेन्सिलीची रेघही नीट उमटते आणि नंतर पुसता येते.

आकृती उतरवायला निळा कार्बन पेपर वापरू नका. त्याची मेणकट रेघ खोडरबरानं जात नाही आणि पॉलिशखाली निळसर डाग राहतो. कागदाच्या मागच्या बाजूला मऊ पेन्सिल घासून तीच कार्बनसारखी वापरा. रेघेच्या दोन्ही कडा आखायची गरज नाही. या मापात मधली एक बारीक रेघ पुरते, तिच्या दोन्ही बाजूंना ०.४ मिमी अंतर डोळ्यानं धरायचं. दोन कडा आखल्या तर पेन्सिलीच्या रेघेची जाडीच मापात मिसळते आणि अक्षर जाड होत जातं.

जागा निवडताना लाकडातली गाठ, रंगाची सीमा आणि फळीची कड टाळा. आडछेदाच्या टोकापासून किमान ५ मिमी आत राहा, नाहीतर तंतू आखूड पडून कडेपर्यंत तडा जातो. तंतू सरळ आणि दाट दिसतील ती जागा घ्या. चमच्यावर दांड्याच्या मागच्या बाजूचं टोक उत्तम. खोलगट भागात किंवा जिथे अन्न लागतं तिथे खाच नको. पाईनमध्ये सगळ्यात लांब रेघ, म्हणजे शिरोरेषा, तंतूंना आडवी येईल अशी खूण फिरवता आली तर फिरवा. तंतूंच्या दिशेनं जाणारी लांब रेघ पाईनमध्ये मऊ पट्ट्यात घसरते आणि वाकडी होते. आखूड उभ्या रेघांना घसरायला वेळच मिळत नाही.

प्रत्यक्ष कोरणं ‘न’ या एका अक्षरावर दाखवतो. शिरोरेषा तंतूंच्या दिशेनं आहे असं धरा. वस्तू शिकंज्यात किंवा न घसरणाऱ्या रबरी चटईवर पक्की करा, दिवा डावीकडून खाली आडवा ठेवा. सुरी धरलेल्या हाताचा अंगठा लाकडावर टेकलेला असू द्या आणि दुसरा हात पात्याच्या वाटेत कधीच नको. आधी शिरोरेषेच्या दोन्ही टोकांना सुरीच्या टोकानं उभे, आडव्या दिशेचे छोटे काप द्या. हे थांबे आहेत, त्यांच्यापुढे तडा जात नाही. मग सुरी पृष्ठभागाशी साधारण ६० अंशांवर कलती धरून, टोक मधल्या रेघेखाली येईल असं, शिरोरेषेच्या वरच्या कडेनं हलका काप घ्या. पहिला हात फक्त वाट आखतो, जोर नाही. दुसऱ्या हाताला ०.७ मिमी खोल जा. वस्तू अर्धी फिरवा आणि खालच्या कडेनं तसाच काप घ्या. दोन्ही काप तळाशी भेटले तर सलग बारीक दोऱ्यासारखी ढलपी आपोआप उचलली जाते. ती उचलली गेली नाही तर टोकानं उकरू नका. काप भेटलेले नाहीत, तोच काप पुन्हा त्याच कोनात घ्या. उकरण्यानं खाचेचा तळ खरवडला जातो आणि तिथे पॉलिश साचतं.

शिरोरेषा आधी कोरण्याचं कारण असं की त्या वेळी तिच्याखालचं लाकूड अखंड असतं. उभा दंड आधी कोरला तर त्याच्या दोन्ही बाजूंचे कोपरे सुटे पडतात आणि शिरोरेषेचा काप तंतूंच्या दिशेनं येऊन त्यांना ढकलतो. शिरोरेषा झाली की दंड तिच्या खाचेतून सुरू करून खाली ओढायचा. उलट, खालून वर उघड्या खाचेकडे कापत गेलात तर शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरला लाकूड तुटून बाहेर पडतं.

दंडानंतर डावीकडची आडवी रेघ आणि तिच्या टोकाची गाठ. ही रेघही दंडाच्या खाचेतून सुरू होऊन डावीकडे जाते. ती आणि शिरोरेषा यांच्यामध्ये दीड-दोन मिमीची लाकडाची भिंत उरते, आणि हीच भिंत सगळ्यात जास्त वेळा उडते. इथे क्रम महत्त्वाचा: भिंतीपासून लांबची, म्हणजे खालची कड आधी कापा, भिंतीलगतची नंतर. पहिला काप अखंड लाकडात शिरतो तेव्हा पातं पाचरीसारखं दोन्ही बाजूंना ढकलतं. दुसऱ्या कापाला ढलपी एका बाजूनं सुटलेली असते, त्यामुळे दाब भिंतीवर न येता ढलपीवर जातो. शेवटी गाठेचा त्रिकोण, तीन काप, तिन्ही टोकं तळाशी एकत्र.

वळणाची अक्षरं असतील तर सुरीची मूठ उंच करा, म्हणजे पात्याचा फक्त टोकाचा भाग लाकडात राहील. पात्याचा रुंद भाग वळणावर मागून भिंत चेपतो. वळणावर सुरीपेक्षा वस्तू जास्त फिरवा. आणि वर्तुळासारखं वळण एका दमात काढू नका. रेघ तंतूंना समांतर किंवा काटकोनात येते अशा जागांवर थांबून, पुढच्या तुकड्याला कोणती दिशा तंतूंच्या कलानं आहे ते बघा आणि त्या बाजूनं काप घ्या.

कोपरा उडालाच तर तुकडा चिमट्यानं धरून पीव्हीए (लाकूडकामाच्या पांढऱ्या) डिंकाच्या अगदी थोड्या बोटानं जागेवर बसवा आणि वर चिकटपट्टी लावून रात्रभर सोडा. झटपट सुकणारा सुपरग्लू आजूबाजूच्या लाकडात शोषला जातो आणि तेल लावल्यावर तेवढाच गडद किंवा फिका डाग दिसतो. तुकडा हरवला तर अख्खी खूण काढून टाकण्याचा एक नीटस मार्ग आहे: १५ मिमीच्या फॉर्स्टनर बिटनं (सपाट तळाचं भोक पाडणाऱ्या ड्रिलच्या पात्यानं) ३ मिमी खोल गोल घर पाडा आणि त्यात घट्ट लाकडाची ३.५ मिमी जाड टिकली, तंतूंची दिशा जुळवून, डिंकानं बसवा. सुकल्यावर सपाट करा, घासा आणि त्या टिकलीवर कोरा. ओक किंवा शिसवीच्या वस्तूवर ही टिकली दुरुस्ती म्हणून न वापरता सुरुवातीपासूनच वापरावी असं मी सुचवेन. गडद शिसवीत सावली दिसत नाही, मेपलच्या फिक्या टिकलीवर तीच खूण लांबूनही वाचता येते.

आता पॉलिश. तेल असेल तर लावून दहा-पंधरा मिनिटांनी पुसताना खाचेतलं जादा तेल कागदाच्या दुमडलेल्या टोकानं टिपून घ्या. वाळलेलं तेल खाचेत चिकट मण्यासारखं बसतं. वार्निश असेल तर पहिला हात निम्मा पातळ करून, जवळजवळ कोरड्या ब्रशनं द्या आणि खाचांतून लगेच मोकळा ब्रश फिरवा. जाड थराचं चकचकीत वार्निश लहान खुणेचं शत्रूच आहे: खाच भरते आणि वरून प्रकाश चमकतो. तशी वस्तू असेल तर खूण १ मिमी रुंद आणि ०.९ मिमी खोल कोरा.

फिक्या लाकडावर रंग भरायचा असेल तर कोरून झाल्यावर खाचेत पुन्हा लाखेचा एक पातळ हात द्या. कोरताना नवे तंतू उघडे पडलेले असतात आणि रंग त्यांच्यातून केशिकेसारखा बाजूला पसरतो, मग रेघेला झालर दिसते. पातळ शाई अशी हमखास पसरते. दाट ॲक्रिलिक रंग घ्या. भरा, वरचा लगेच पुसा, पूर्ण वाळल्यावर सपाट ठोकळ्यावर ३२० नंबर गुंडाळून तंतूंच्या दिशेनं दोन-चार हात द्या. बोटाखाली पेपर धरून घासलं तर तो खाचेत दबतो आणि कडा गोल करतो.

कोरण्याला पर्याय म्हणून लोखंडी शिक्का ठोकणं ही जुनी आणि चांगली रीत आहे. १८ व्या शतकाच्या मध्यात पॅरिसच्या फर्निचर कारागिरांच्या संघानं सदस्यांना नावाचा शिक्का मारणं बंधनकारक केलं आणि १७९१ मध्ये संघच बरखास्त होईपर्यंत ते चाललं; शिक्के तळाशी, पाठीमागे, सहज न दिसणाऱ्या जागी मारलेले सापडतात. इंग्रज रंधे बनवणारे आपलं नाव लाकडी रंध्याच्या पुढच्या टोकावर, म्हणजे आडछेदावर ठोकत. आडछेदावर तंतू उभे असल्यामुळे ठसा स्वच्छ उमटतो आणि फळीच्या पृष्ठभागापेक्षा कमी फुगतो. शिक्का वापरलात तर आडछेदाचीच जागा शोधा, लाकूड जाड दगडी किंवा लोखंडी आधारावर ठेवा, आणि एकच ठोका द्या. दुसऱ्या ठोक्याला शिक्का केसभर सरकतो आणि अक्षर दुहेरी दिसतं.

सालही घालायचं असेल तर पूर्ण चार आकडे कोरू नका. शेवटचे दोन पुरतात, तेही अक्षरांएवढ्याच उंचीचे. १ आणि ९ लहान मापात एकमेकांसारखे दिसतात, त्यामुळे ९ची शेपटी मुद्दाम लांब ओढा.